चाकांवरचं बिऱ्हाड



विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण मराठीत म्हणतो. युरोप-अमेरिकेत असं बिऱ्हाड हौसेने करणारी कुटुंबं आहेत. मोठ्या गाडीतच पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, संडास. नाहीतर मोटारीच्या मागे ओढून न्यायचं छोटंसं घर. तिकडे त्याला कॅराव्हॅन म्हणतात. शब्द आपल्याला परका नाही, आपल्या फारसी-उर्दूतल्या 'कारवाँ'वरूनच तो तिकडे गेला. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सुट्टीत चार दिवस अशा गाडीने फिरायला कोणाला आवडणार नाही?

पण पनवेलमध्ये राहणाऱ्याला चाकांवरचं घर पाहायला कुठे लांब जायला नको. कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून उरणच्या रस्त्याला लागा. कडेला ट्रेलरच्या रांगा उभ्या दिसतील. आरशाच्या दांडीला लुंगी वाळत असते, चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटलेला असतो, केबिनच्या खिडकीला जुन्या ओढणीचा पडदा असतो. ही माणसं महिन्यातले वीस-पंचवीस दिवस त्या केबिनमध्येच राहतात. हौस म्हणून नाही, पोटासाठी. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय 'ड्रायव्हर' असा लिहिलेला असतो, आणि पालकसभेला त्यांच्या अम्मीच येतात.

आज या सदरात त्या घराविषयी बोलायचं आहे. कारण आपण केबिनला फक्त गाडी समजतो. ते आपल्या घराची दुसरी खोली आहे असं धरलं, तर तिथली तजवीज ही घरच्यांचीही जबाबदारी ठरते.

एकच कंटेनर, दोन माणसं

आपल्या कोकणी घरांना बाहेर राहणारा कमावता माणूस नवा नाही. आजोबा-पणजोबांच्या पिढीपासून रायगड-रत्नागिरीतले लोक जहाजावर गेले. आजही जातात. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि जहाजातून उतरणारा माल पुढे नेणारी दुसरी मोठी फौज पनवेल-उरणच्या रस्त्यावर उभी राहिली.

आता यातला फरक पाहा. जहाजावरच्या खलाशाच्या विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती. ती जास्तीत जास्त दोन हप्त्यांत घ्यायची आणि त्यातला एक हप्ता सलग सहा तासांचा हवा. २००६ च्या सागरी कामगार करारात हे लिहिलं आहे, भारतानेही तो करार स्वीकारला आहे. जहाजावर याची रोजची नोंद ठेवावी लागते आणि बंदरात ती तपासली जाते.

तोच कंटेनर जेट्टीवर उतरतो आणि ट्रेलरवर चढतो. त्याला पुढे नेणाऱ्यासाठीही कायदा आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी, आणि आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती, हे ठरवून दिलं. पण ट्रेलरच्या केबिनमध्ये झोपेचं रजिस्टर कोण तपासतो? शिवाय बहुतेकांचा हिशोब फेरीवर आणि भत्त्यावर असतो. फेऱ्या जास्त तर पैसे जास्त. म्हणजे झोप कापली की कमाई वाढते. या घरातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

आधी झोप

केबिनमध्ये सीटच्या मागे एक फळी असते, तोच पलंग. तिच्यावर आडवं होता येतं, पण झोप लागेलच असं नाही. बंदराच्या किंवा कंटेनर यार्डाच्या रांगेत तर दर थोड्या वेळाने गाडी दहा हात पुढे घ्यावी लागते. लोकांना वाटतं, रांगेत सहा तास उभा होता म्हणजे आराम झाला. तो आराम नव्हे. तुकड्या-तुकड्यांच्या डुलक्यांनी शरीर ताजं होत नाही.

झोप अनावर झाली की डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद बंद पडतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ६७ मीटर गाडी कोणाच्याही हातात नाही. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ सगळ्यात वाईट, कारण तेव्हा शरीर झोपच मागतं. चहाने आणि गुटख्याने झोप जात नाही, थोडा वेळ झाकली जाते इतकंच. जांभयांवर जांभया येणं, गाडी पट्टा सोडून सरकणं, मागचे चार-पाच किलोमीटर कसे आले ते न आठवणं, ही लक्षणं दिसली की सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटं तरी झोपायचं. याला दुसरा इलाज नाही. काही पेट्रोल पंपांवर तेल कंपन्यांनी ड्रायव्हरांसाठी 'अपना घर' नावाची विश्रांतिगृहं केली आहेत. नेहमीच्या रस्त्यावर अशी जागा कुठे आहे ते आधीच विचारून ठेवावं.

घरच्यांनी काय करावं? पहिली गोष्ट, त्याच्या झोपेची वेळ घरात लिहून ठेवा. त्या वेळेत फोन नको. मुलाची फी, गॅसचा नंबर, नणंदेचं बोलणं, हे सगळं चार तासांनी सांगितलं तरी चालतं. दुसरी गोष्ट, गाडी चालवत असताना फोन आला तर "थांबून बोला" म्हणून आपणच ठेवून द्यायचा. बोलण्याची एक ठरलेली वेळ असली की दोन्हीकडची घालमेल कमी होते. आणि तिसरी गोष्ट, "लवकर या" हे शब्द जपून वापरा. ईदच्या आदल्या रात्री किती गाड्या केवळ या दोन शब्दांसाठी पळत असतात! ईदची नमाज घरच्या ईदगाहवर नाही मिळाली तर तो जिथे असेल तिथल्या ईदगाहवर मिळेल. शीरखुर्मा दुसऱ्या दिवशीही करता येतो.

पाणी, नमाज, रोजा

केबिनमध्ये पाण्याचे दोन वेगळे कॅन हवेत, एक पिण्याचा आणि एक वापरायचा. पिण्याचा कॅन झाकणाचा आणि उन्हापासून दूर. उन्हाळ्यात केबिन भट्टीसारखी तापते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. वाटेत लघवीला थांबायला जागा मिळत नाही म्हणून अनेक जण पाणीच कमी पितात. त्यातून मूतखडा, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, मूळव्याध हे आजार मागे लागतात. पंप, ढाबा, मशीद, टोलनाका, जिथे स्वच्छ संडास आहे अशा जागांची यादी प्रत्येक जुन्या ड्रायव्हरच्या डोक्यात असते. नव्या मुलाने ती विचारून घ्यावी.

वुजूला फार पाणी लागत नाही. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे लहान तांब्याभर पाण्यात, वुजू करत असत असं हदीसमध्ये आलं आहे. घरी नळ सोडून वुजू करणाऱ्या आपल्यालाही यातून शिकण्यासारखं आहे. प्रवासात नमाज कसर करता येते. शाफई मसलकात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याचीही मुभा आहे, हनफी मसलकात ती तशी नाही. आपल्या मसलकाप्रमाणे इमामसाहेबांकडून नीट समजून घ्यावं, म्हणजे नमाजसाठी महामार्गाच्या कडेला धोक्याच्या जागी गाडी थांबवण्याची वेळ येणार नाही.

रमजानमध्ये मुसाफिराला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनात, सूरह बकरामध्ये आहे. सतत प्रवासातच असणाऱ्याने काय करावं हेही आलिमांना विचारावं. मगरिबच्या आधीचा अर्धा तास मात्र सगळ्यांनीच सांभाळायचा. पोटात काही नाही, डोळ्यांवर ग्लानी, आणि इफ्तार गाठण्याची घाई. खजूर आणि पाणी केबिनमध्येच हाताशी असेल तर कुठे पोहोचण्याची घाई उरत नाही.

चूल आणि शिदोरी

रोज ढाब्यावर खाणं खिशाला आणि पोटाला परवडत नाही, शिवाय हलालचाही प्रश्न असतो. त्यामुळे पुष्कळ जण स्वतः शिजवतात. हरकत नाही, पण स्टोव्ह किंवा छोटी शेगडी केबिनच्या आत कधीही पेटवू नये. बंद जागेत जळणाऱ्या शेगडीतून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस जातो. थंडीत काच लावून शेगडीची ऊब घेत झोपणं तर अजिबात नको. शेगडी बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, डिझेलच्या टाकीपासून लांब; आणि शेजारी टँकर उभा असेल तर तिथे पेटवायचीच नाही.

घरून काय द्यावं? लवकर न विटणाऱ्या गोष्टी. तांदळाची भाकरी पहिल्या दिवसापुरती. पुढच्या दिवसांसाठी भाजलेलं पीठ, सुकी चटणी, लोणचं, सुकट, चणे-शेंगदाणे, खजूर. मसाले पुड्यांत न देता घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांत द्या. भरपेट बिर्याणी खाऊन स्टेअरिंगवर बसलं की तासाभरात डोळे मिटायला लागतात, म्हणून चालवण्याआधी हलकं आणि झोपण्याआधी पोटभर, असा क्रम ठेवायला सांगा. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली डबी मिळते. ती घरूनच भरून द्यावी.

ओढत न्यायचं ओझं

ट्रेलर म्हणजे एक गाडी नव्हे, दोन आहेत. पुढे इंजिनाची गाडी, तिला ड्रायव्हर लोक 'हॉर्स' म्हणतात. मागे ओढला जाणारा ट्रेलर. त्याच्या पुढच्या टोकाला खाली ५० मिलिमीटर जाडीची एक पिन असते. ती हॉर्सच्या पाठीवरच्या जाड तबकडीत अडकते आणि तिथे कुलूपबंद होते. २०१८ च्या नियमाप्रमाणे हॉर्स, ट्रेलर आणि माल मिळून ५५ टनांपर्यंत वजन नेता येतं. छोटी मोटार साधारण एक टनाची धरा. इतकं ओझं मनगटाएवढ्या पिनेवर ओढलं जातं.

म्हणून जोडल्यावर दर वेळी काही गोष्टी बघायच्याच. कुलूप पूर्ण बसलं का, ते बॅटरीच्या उजेडात वाकून बघायचं. मग ट्रेलरचे पुढचे टेकू अजून खालीच ठेवून हॉर्सला हलका हिसका देऊन खात्री करायची. हवेच्या नळ्या आणि दिव्यांची वायर जोडायची. त्यानंतर टेकू पूर्ण वर घ्यायचे. कंटेनरच्या चार कोपऱ्यांच्या कड्या फिरवून घट्ट करायच्या. त्या उघड्या राहिल्या तर वळणावर कंटेनर एकटाच उलटून पडतो. शेवटी टायर आणि मागचे दिवे. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात, आणि झोप न झालेला माणूस नेमकी हीच दहा मिनिटं वाचवतो.

बोरघाट उतरताना ओझं मागून ढकलत असतं. सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात आणि ऐनवेळी ब्रेक लागत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणं म्हणजे चार पैशांसाठी जीव पणाला लावणं. घाईत जोराचा ब्रेक मारला तर हॉर्सची चाकं जाम होतात आणि मागचा ट्रेलर त्याला बाजूला ढकलत चाकूच्या पात्यासारखा दुमडतो. तोवर स्टेअरिंगचा काही उपयोग उरत नाही.

हे आपण घरात बसणाऱ्यांनीही जाणून घ्यावं, कारण याच रस्त्यावरून आपण स्कूटीने मुलांना शाळेत सोडतो. ट्रेलर वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. कळंबोलीच्या चौकात डावीकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या अंगाला कधीही शिरू नका. जागा मोकळी दिसते, पण दोन क्षणांत ती राहत नाही. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

आपली मोटार महामार्गावर बंद पडली तर दोरी बांधून टोचन करून नेण्याची घाई करू नका. इंजिन बंद असलं की स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, आणि मागचा माणूस पुढच्यावर आदळतो. गाडी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा आणि मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

कागद घरातही हवेत

केबिनमध्ये कागदांची फाइल असते. तिची एक प्रत घरात हवी. लायसन्सची झेरॉक्स, गाडीचा नंबर, मालकाचं नाव-पत्ता आणि फोन, शक्य असेल तर नेमणुकीचं पत्र. ते नसेल तर भत्त्याच्या नोंदी, बँकेत आलेले पैसे, बिल्टीचा फोटो, जे मिळेल ते. कामावर असताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, ही तरतूद आपल्या कायद्यात १९२३ सालापासून आहे. पण हा माणूस त्या मालकाकडे कामाला होता, हेच सिद्ध करता आलं नाही तर घरच्यांच्या हातात काही उरत नाही. अशा वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेल्या फेऱ्यांच्या तारखाही उपयोगी पडतात.

मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. हे केबिनमधल्या माणसालाही माहीत हवं आणि घरातल्यालाही. व्यावसायिक लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. तारीख घरच्यांनी लक्षात ठेवली तर शेवटच्या आठवड्याची पळापळ टळते. त्या निमित्ताने डोळे आणि साखरही तपासून घ्यावी.

मुलांचे अब्बा

शिक्षिका म्हणून एक शेवटची गोष्ट. वडील नेहमी बाहेर असलेल्या घरात ते आले की एक तर पाहुणे होतात, नाहीतर फौजदार. अम्मी महिनाभराच्या तक्रारी साठवून ठेवते आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्या सांगते. दमलेला माणूस ओरडतो, मूल लांब जातं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी निघते. त्यापेक्षा पहिला दिवस त्याच्या झोपेचा ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलाने स्वतः वही दाखवू दे. ठरलेल्या वेळेच्या फोनवर मुलाला दोन मिनिटं मिळू देत. आज शाळेत काय झालं, एवढंच. भूगोलाच्या नकाशात अब्बा कुठे आहेत ते शोधायला लावा. पनवेलहून निघणारा महामार्ग क्रमांक ६६ थेट कन्याकुमारीपर्यंत जातो, हे माझ्या वर्गात मला शिकवावं लागलं नाही. एका मुलीनेच सगळ्यांना सांगितलं, वाटेतल्या गावांच्या नावांसकट.

या महिन्यात एक काम करा. एका कागदावर पाच ओळी लिहा: झोपेची वेळ, फोनची वेळ, औषधं, घरचे दोन फोन नंबर, रक्तगट. त्याच्या दोन प्रती करा. एक केबिनमध्ये चिकटवायला द्या, दुसरी आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. आणि गाडी निघताना "लवकर या" ऐवजी "झोप काढून या" म्हणा.

अल्लाह रस्त्यावरच्या सगळ्या मुसाफिरांना सुखरूप घरी आणो. आमीन.